रेडीमेडची वॉरंटी

माझ्या नावाने घरात आलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे गेम खेळायचा कॉम्प्युटर, आणि तो विकणाऱ्या माणसाने दीड तासात एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी हल्ली मला मीठ आणि राग दोन्ही कमी करायला सांगितलेत. मिठाचं मी ऐकते. रागाच्या बाबतीत मात्र माझं मत असं आहे की काही राग माणसाने झाकण घट्ट लावून जपून ठेवावेत, ते कष्टाने मिळालेले असतात. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. दुसरी पीयूसी, म्हणजे तिकडची बारावी, संपली होती आणि कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश होता.

मल्लेश्वरममधलं आमचं घर दुकानाच्या पाठीला चिकटून होतं. पुढे दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागे दुरुस्तीची खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. दुकानात अस्तर, बटणं, चेनी, सुया, खडू, रिळं, शिंप्याला लागेल ते सगळं मिळायचं. शिवणयंत्रांची दुरुस्तीही व्हायची. आमची माणसं किती पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आली ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. घरात मराठीच बोलायचो, पण पुण्याचा पाहुणा ऐकून गालात हसायचा अशी. ‘स्वल्प थांब’ म्हणायचो, ‘ठीक’ऐवजी ‘सरी’ म्हणून फोन ठेवायचो, थोरल्या भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का. सकाळी सातला रस्त्यावरून पालेभाजीवालीचं ‘सोप्पू, सोप्पू’ यायचं, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दुकानाचं शटर, आणि नऊच्या पुढे दिवसभर कुठल्या ना कुठल्या मशीनची घरघर. फोडणीच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळलेला असायचा. आईच्या हातच्या चित्रान्नाला, म्हणजे फोडणीच्या भाताला, लिंबाबरोबर तो वासही थोडा असायचा असं आम्ही भावंडं म्हणायचो, आणि तिला ते आवडायचं नाही.

कारण मशीन उघडायची ती आई. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, ‘‘अप्पा नाहीत का?’’ अप्पा म्हणजे माझे वडील. अप्पा मशीन उतरवून घ्यायचे, गंभीर चेहऱ्याने चाक दोनदा फिरवून बघायचे आणि पडद्याआड सरकवायचे. आत आई पाटावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसायची. खोललेले स्क्रू ती ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडायची आणि पोरांना ओरडावं तसं मशीनला ओरडायची. संध्याकाळी अप्पा ते मशीन गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचे आणि गिऱ्हाईक अप्पांचे आभार मानायचं. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच कबूल करते.

अप्पांचा एकच शत्रू होता, रेडीमेड. मोठमोठ्या दुकानांतून तयार कपडे मिळायला लागले, शिंपी एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले आणि आमच्याकडची बटणं डब्यात पडून राहायला लागली. जेवताना, चहा पिताना, कोणाच्या लग्नातही ते सांगायचे, ‘‘रेडीमेड म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं कापड. आत शिलाई कशी घातलीये कोणी उलटून बघतं का? वरून इस्त्री मारली की झालं.’’ हे वाक्य माझ्या कानांना इतकं पाठ होतं की मला वाटायचं, निदान या एका बाबतीत तरी माझा बाप माझ्या बाजूने उभा राहील.

गेम मी खेळायचे ती आमच्यापासून तीन क्रॉस, म्हणजे तीन आडवे रस्ते, सोडून असलेल्या एका कॅफेत. तासावर कॉम्प्युटर मिळायचा. सकाळी दहाला तिथे चिटपाखरू नसायचं, म्हणून मी सकाळी जायचे. पाच विरुद्ध पाच अशी बंदुकीची गेम होती. बाकीचे चौघे वेगवेगळ्या गावांत आपापल्या स्क्रीनसमोर बसलेले असायचे. माझं काम राखणीचं होतं. एक कोपरा धरून थांबायचं, शत्रूची पावलं ऐकायची आणि वेळेवर सांगायचं. गेममध्ये मी शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या रिळावरून ‘बॉबिन’ हे नाव घेतलं होतं. पहिले सहा महिने मी माइक बंद ठेवून नुसतं टाइप करत होते, कारण मुलीचा आवाज ऐकला की लोक काय काय बोलतात ते मी ऐकलं होतं. एक दिवस मात्र मागून तिघे येत होते, टाइप करायला वेळ नव्हता आणि मी माइक चालू करून ओरडले, ‘‘मागे! मागे बघा!’’ आम्ही ती फेरी जिंकली. आमचा कप्तान विनायक म्हणून हुबळीचा मुलगा होता. तो म्हणाला, ‘‘सरी. बॉबिनअक्का, आता रोज बोलायचं.’’ एवढंच. त्यानंतर या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. जगात असं साधं वागता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा जास्त राग आला.

तो कॅफे बंद पडला. जागेच्या मालकाला तिथे ज्यूसचं दुकान काढायचं होतं. शेवटच्या आठवड्यात कॅफेवाले रवी सर आपले कॉम्प्युटर खोलून पार्ट विकायला काढत होते, तेव्हा मी त्यांच्याबरोबर बसले. चार कॉम्प्युटर आम्ही दोघांनी खोलले आणि गिऱ्हाईकाला हवे होते म्हणून त्यातले दोन पुन्हा जोडले. दुसरा मी एकटीने जोडला. ते शेजारी हात बांधून उभे होते. स्क्रीनवर चित्र रचून दाखवतं ते ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांना वीज पुरवतो तो पॉवर सप्लाय, हे सगळं मी तिथे हाताने शिकले. रवी सर म्हणाले, ‘‘वाचवायचंच तर बाहेरच्या डब्यावर वाचव, लाइटवर वाचव. पॉवर सप्लायवर वाचवू नकोस. तो मरताना एकटा मरत नाही.’’ मी वहीत यादी केली. कुठला पार्ट, का, तो मिळाला नाही तर दुसरा कुठला. तीन महिने मी ती यादी खोडत आणि लिहीत होते. परीक्षेसाठी मी एवढा अभ्यास केला असता तर अप्पांनी पेढे वाटले असते.

आजोबा जाताना प्रत्येक नातवंडाच्या नावाने काही ठेवून गेले होते, पीयूसी झाली की द्यायचं म्हणून. माझा थोरला भाऊ गिरीअण्णा, त्याने आपल्या वाट्याची मोटरसायकल घेतली. कुठली, कुठल्या रंगाची, कुठल्या दुकानातून, त्याने एका दुपारी ठरवलं आणि संध्याकाळी घेऊन आला. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा मात्र बैठक बसली.

बैठक रविवारी सकाळी स्वयंपाकघरात होती. आई आंबोळ्या घालत होती. अप्पा, गिरीअण्णा आणि सतीशमामा पाटावर. सतीशमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो कोरमंगलाला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि रविवारी आमच्याकडे नाश्त्याला यायचा. आमच्या घरात कॉम्प्युटर म्हटलं की सतीशमामा, हे ठरलेलंच होतं. मी वही पुढे केली. त्याने ती घेतली, बंद केली आणि आंबोळीची ताटली तिच्यावर ठेवली.

‘‘अगं, पार्ट आणून घरी कोण जोडतं?’’ तो म्हणाला. ‘‘तयार मिळतो. काचेचा डबा, आत लाइट, तीन वर्षांची वॉरंटी. उद्या बिघडला तर कोणाकडे जाशील?’’

‘‘प्रत्येक पार्टाची वेगळी वॉरंटी असते मामा. आणि आत काय बसवलंय ते मला माहीत असेल.’’

‘‘तू काय गाडीचे पार्ट आणून गाडी जोडतेस का?’’

गिरीअण्णा हसला. मी अप्पांकडे वळले. ‘‘अप्पा, तुम्हीच सांगता ना, रेडीमेड म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं?’’

‘‘कपड्याची गोष्ट वेगळी,’’ अप्पा म्हणाले. ‘‘हे विजेचं काम आहे.’’

‘‘आई दिवसभर विजेची मशिनं उघडते की.’’

‘‘ती माझ्या नजरेखाली उघडते.’’

हे वाक्य अप्पा अगदी सहज म्हणाले. कोणाला दुखवावं म्हणून नाही, आज पाऊस येईल असं म्हणावं तसं. मी आईकडे पाहिलं. तिने तव्यावरची आंबोळी उलटली आणि ती नेमकी मामाच्या ताटलीत वाढली. माझा राग तिथे पहिल्यांदा पेटला आणि तो आधी तिच्यावरच पेटला. बोलत का नाही ही?

मी प्रामाणिकपणे सांगते, तयार कॉम्प्युटर घेण्यात काहीही वाईट नसतं. पुढच्या आयुष्यात मी स्वतः कितीतरी घेतले. ज्याला वेळ नाही, हौस नाही, त्याने तयारच घ्यावा. पण मला वेळ होता, हौस होती, हाताला काम माहीत होतं, आणि पैसे माझ्या आजोबांनी माझ्यासाठी ठेवलेले होते. चर्चा कॉम्प्युटरची चाललीच नव्हती. मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर असावा की नसावा याची चालली होती, आणि निकाल आंबोळ्या संपायच्या आत लागला.

दुकान मामाच्या ओळखीचं, कोरमंगलातलंच. बाहेरून बघितलं तर दागिन्यांचं वाटावं. मालकाने मामाशी हात मिळवला, गिरीअण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत विचारलं, ‘‘बोलो भैया, कौनसा गेम खेलते हो?’’ गिरीअण्णाला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, ‘‘मेरे लिए नहीं, इसके लिए.’’ मालक म्हणाला, ‘‘अच्छा, अच्छा,’’ आणि पुढचं सगळं गिरीअण्णालाच सांगत राहिला. मी विचारलं, पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा आहे? त्याने माझ्या दिशेने एक छोटा रिमोट सरकवला. ‘‘मॅडम, इससे लाइट का कलर चेंज होता है. पिंक भी है.’’

पिंक भी है. आज इतक्या वर्षांनी हे तीन शब्द लिहितानासुद्धा माझी लेखणी कागदात रुतते.

कॉम्प्युटर घरी आला. दिसायला देखणा होता, नाही म्हणत नाही. एका बाजूला काच, आत इंद्रधनुष्य. पॉवर सप्लाय मात्र खाली पत्र्याच्या झाकणाआड, दिसणार नाही असा. मागच्या स्क्रूवर स्टिकर होता, उघडल्यास वॉरंटी रद्द. आईने त्याला हळदकुंकू लावलं. गेम सुरू केली आणि विसाव्या मिनिटाला तो फट्दिशी बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा विसाव्या मिनिटाला. पत्र लिहा, सिनेमा बघा, दिवसभर चालायचा; गेम लावली, त्याच्यावर जोर पडला, की गेला. मी दुकानात फोन केला तर म्हणाले, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. दुसऱ्यांदा केला तर म्हणाले, धूळ असेल. चार दिवसांच्या वस्तूत धूळ! तिसऱ्यांदा म्हणाले, मॅडम, गेम थोडी कमी खेळा. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘काहीतरी भलतंच दाबलं असशील.’’ अप्पा म्हणाले, ‘‘एवढी महागाची वस्तू, जपून वापरावी.’’ गिरीअण्णा म्हणाला, ‘‘मी लावतो तेव्हा तर चालतो.’’ तो त्यावर क्रिकेटचे सामने बघायचा.

त्या महिन्यात आमच्या टीमची स्पर्धा होती. रविवारी दुपारी सामना, जिंकलो तर पुढे मोठ्या स्पर्धेत. पहिल्या फेरीत मी बंद पडले. मशीन पुन्हा लावून परत येईपर्यंत चौघे पाच जणांशी झुंजत होते. दुसऱ्या फेरीत बंद पडले. तिसऱ्या फेरीत मी माझा कोपरा धरून बसले होते, पावलं ऐकू आली, मी तोंड उघडलं आणि समोर काळी स्क्रीन. आम्ही हरलो. विनायकने फोन केला. आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, ‘‘अक्का, आधी मशीन सरी करून घे. तोपर्यंत दुसऱ्याला घेतो.’’ मी फोन ठेवला आणि दुरुस्तीच्या खोलीत जाऊन आईसमोर रडले. दुःखाने नाही, संतापाने. मी म्हणत होते, ‘‘मी काही केलेलं नाही. कोणाचा विश्वास का नाही बसत? मी काही दाबलेलं नाही.’’

आईने हातातलं मशीन बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले. ‘‘गिऱ्हाईक म्हणतं बंद पडतं, तर पडत असतं,’’ ती म्हणाली. ‘‘आधी उघडून बघायचं, मग गिऱ्हाईकाला दोष द्यायचा. आण तो इकडे.’’

‘‘स्टिकर आहे. वॉरंटी जाईल.’’

‘‘आता कुठे आहे वॉरंटी? तीनदा फोन केलास ना?’’ आणि तिने नखाने स्टिकर खरवडून काढला.

तिने ती वही मागवली. ताटलीचा गोल डाग असलेली. बिल एका बाजूला, वही दुसऱ्या बाजूला. वर्तमानपत्र पसरलं आणि मला म्हणाली, ‘‘तू खोल, मी बघते.’’ मी खालचं झाकण काढून पॉवर सप्लाय बाहेर काढला. आईने तो तळहातावर तोलला. ‘‘हलकं आहे गं. चांगली मोटर कधी हलकी असते का?’’ बिलावर कंपनीचं नाव होतं, त्या डब्यावर कुठलंच नाव नव्हतं. मग मी ग्राफिक्स कार्ड काढलं. आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कार्डाच्या पाठीवरचे चार स्क्रू एकेक करून उजेडात धरले.

‘‘यांची डोकी बघ,’’ ती म्हणाली. ‘‘घासलीत. नव्या मशीनच्या स्क्रूचं डोकं असं नसतं. हे कोणीतरी आधी खोललंय, तेही चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने. एकदा नाही, तीन-चारदा.’’

कार्डाच्या पंख्याच्या पात्यांमागे धुळीचा थर बसला होता, कापसासारखा. कार्डावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर वेगळे होते. म्हणजे नवं म्हणून आम्हाला वापरलेलं कार्ड आणि बेनामी पॉवर सप्लाय विकला होता, आणि वर काच लावून इंद्रधनुष्य दाखवलं होतं. मला त्या क्षणी काय वाटलं? खरं सांगायचं तर आनंद झाला. मी खोटी नव्हते. मग त्या आनंदाच्या पाठीमागून जो राग आला, तसा राग मला आयुष्यात पुन्हा एकदा-दोनदाच आला असेल.

दुसऱ्या दिवशी अप्पा मालासाठी बाजारात गेले होते. आईने दुकान गिरीअण्णाच्या ताब्यात दिलं, दोन्ही पार्ट टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले आणि आम्ही रिक्षाने कोरमंगलाला गेलो. मालकाने आधी विचारलं, ‘‘सर नाही आले?’’ मग मी फोनवर दाखवलेल्या कॉम्प्युटरच्या फोटोत स्टिकर फाटलेला बघून म्हणाला, आता काही होणार नाही. आई त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत होती, आवाज अजिबात न चढवता. तिने एक स्क्रू काचेच्या काउंटरवर ठेवला. ‘‘वस्तू नवी होती ना? मग याचं डोकं कोणी घासलं?’’

तिथे कॉम्प्युटर घ्यायला आलेले दोन तरुण होते. ते पुढे सरकून स्क्रू बघायला लागले. मालक म्हणाला, ‘‘अम्मा, हळू बोला.’’

‘‘मी हळूच बोलते आहे. तुम्हाला मोठं ऐकू येतंय.’’

त्याचा चेहरा पडला. मग तो चिडला, आणि चिडून खरं बोलला. ‘‘मला काय विचारता? तुमच्या भावाला विचारा. त्यांनीच सांगितलं यातून जमवा म्हणून. त्यांना स्वतःसाठी मोठी स्क्रीन हवी होती, तिची किंमत याच पैशांत बसवली. म्हणाले, मुलीला खेळायचंय, तिला काय कळतंय, आत कोण बघतंय.’’

मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले आणि उघडले. तेवढंच. मग म्हणाली, ‘‘ते मी बघेन. तुमचं तुम्ही बघा. बिलावर नाव कोणाचं आहे?’’

त्याने बिल वाचलं. ‘‘मंजुळा.’’

‘‘मग ही मंजुळा. हिच्याशी बोला.’’

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी यादी वाचली. ते दोन तरुण ऐकत होते, त्यातला एक आपल्या फोनवर काहीतरी लिहून घेत होता. माझ्या यादीतलं कार्ड सीलबंद डब्यातून बाहेर आलं. चांगला पॉवर सप्लाय त्याच्याकडे नव्हता, त्याचे पैसे त्याने परत दिले आणि तो आम्ही एसपी रोडच्या पार्टच्या बाजारातून घेतला. परत येताना आई रिक्षात म्हणाली, ‘‘सतीशचं घरात बोलायचं नाही.’’

‘‘का?’’

‘‘माझा भाऊ आहे.’’

‘‘आणि मी?’’

नवा पॉवर सप्लाय तिच्या मांडीवर होता, तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी धरलेला. कॉम्प्युटर आम्ही दोघींनी मिळून पहिल्यापासून जोडला. सगळं काढलं, सगळं पुन्हा बसवलं. तिने स्क्रू मांडले, मी बसवले. एकदा वायर उलटी लावत होते तर तिने हातावर चापट मारली. मग तो बंद पडला नाही, पुढची कित्येक वर्षं. पण विनायकने घेतलेला मुलगा चांगला खेळत होता, त्याला काढा असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? पावसाळाभर मी राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसून राहिले. ते कोणी भरून दिलं नाही.

अप्पांना सांगितलं गेलं की दुकानदाराची चूक झाली होती, त्याने बदलून दिलं. आणि मग दिवाळी आली. भाऊबिजेला मामा आमच्याकडे जेवायला आला. आईने होळगी, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, केली होती, तूप हात सोडून वाढत होती. अप्पांनी कॉम्प्युटरचा विषय काढला आणि मामा पहिला घास घेत म्हणाला, ‘‘मी फोन केला त्याला. म्हटलं, माझी भाची आहे. लगेच बदलून दिलं. म्हणून सांगत होतो, रेडीमेड घ्यावा, ओळखीतून घ्यावा.’’

मी बोलले. आईने डोळ्यांनी सांगितलं, नको, आणि मी ते पाहून बोलले. स्क्रीन, घासलेले स्क्रू, ‘मुलीला काय कळतंय’, सगळं, एका दमात, ताटावर बसून. मामाचा हात तसाच राहिला. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, ‘‘अगं, मला वाटलं तू जरा वेळ खेळशील नि सोडून देशील…’’ अप्पांनी त्याला काही म्हटलं नाही. सणाचा पाहुणा ना. ते आईकडे वळले. ‘‘तुला माहीत होतं? माझ्यापासून लपवलंस?’’ आणि जेवण अर्धं टाकून उठले. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. फसवलं मामाने, बोलले मी, आणि शिक्षा आईला. याचा मी आजही हिशोब लावू शकत नाही.

पाचव्या दिवशी मी तिला विचारलं, माझं चुकलं का. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, ‘‘तुझं खरं होतं. पण ते खरं माझ्या हातात होतं, तू हिसकावून घेतलंस. मी त्याला भाऊबिजेलाच विचारणार होते. जेवण झाल्यावर, एकट्याला.’’ तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. आता वाटतं, विचारलंही असतं तिने. पण तिने एकट्याला विचारलं असतं तर मामा आंबोळ्या खायला येत राहिला असता, दर रविवारी, आणि सल्ले देत राहिला असता. म्हणून मला पश्चात्ताप नाही. आईबद्दल वाईट वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पंधरा दिवसांनी, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मामा दुकानात आला. ती मोठी स्क्रीन खोक्यासकट टॅक्सीतून उतरवून त्याने काउंटरवर ठेवली. मग पडदा बाजूला करून आत आला. ‘‘अक्का, चुकलं माझं,’’ तो म्हणाला. आईने वर न बघता सांगितलं, ‘‘मला काय सांगतोस? मशीन तिचं आहे.’’

तो माझ्याकडे वळला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. ‘‘चुकलं गं मंजू. जाऊ दे आता.’’

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आपल्या घरांतल्या मुलींना पाळण्यात शिकवलेलं असतं. नाही हो मामा, असं काय, मोठे ना तुम्ही. मला ते सगळं येत होतं.

‘‘हो मामा,’’ मी म्हणाले. ‘‘चुकलं.’’

तो पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. आई कॉफी टाकायला आत गेली, बाहेर अप्पा बटणांचे डबे उगाचच इकडून तिकडे लावत राहिले, आणि मी त्याला तसंच उभं राहू दिलं.